दाताच्या कण्या

पहाटे ५.४५

अलार्म वाजायच्या आधीच जाग येते आणि पहिलं काम जीभ करते. वरच्या दातांवर बसवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवरून ती एक फेरी मारून येते. पट्टी जागेवर आहे. म्हणजे रात्री झोपेत काढून उशाखाली सरकवलेली नाही. संक्रांत होऊन तीनच दिवस झालेत, साताऱ्याचा गारठा अजून हटायला तयार नाही. उठते, पट्टी काढते, गार पाण्याखाली धरून ब्रशने घासते. गरम पाणी लागलं की अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं आणि मग नीट बसत नाही.

दिव्यासमोर धरली की दिसतं. काचेसारख्या स्वच्छ पट्टीवर, डाव्या सुळ्याच्या जागी, घासून पांढरट झालेली ओरखड्यांची एक वाट. गेल्या सहा महिन्यांची माझी रात्रपाळी. पट्टी नसती तर ही वाट थेट सुळ्यावर उमटली असती.

मी दातांची डॉक्टर आहे आणि झोपेत दात खाते. पट्टीने दात खाणं थांबत नाही, दात वाचतात, एवढंच. झोपेत मेंदू क्षणभर किंचित जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू आवळले जातात. ते आपल्या हातात नाही. दिवसा मात्र पुष्कळसं हातात असतं, आणि माझा दिवस त्या ‘पुष्कळशा’च्या मागे जातो.

७.००

आरशाच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवलेली आहे. दुसरी फ्रिजच्या दांड्यावर, तिसरी मोबाइलच्या पाठीवर, चौथी स्कूटरच्या काट्याजवळ. टिकली दिसली की स्वतःला विचारायचं, दात दाताला लागलेत का? लागले असतील तर सोडायचे. ओठ मिटलेले, दात सुटे.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट असायला हवी. दात दाताला लागावेत ते चावताना आणि गिळताना. चोवीस तासांत सगळं मिळून साधारण वीस मिनिटं. हे सांगितलं की पेशंट माझ्याकडे संशयाने बघतात. ‘तोंड मिटून बस’ हे आपण शाळेत इतक्यांदा ऐकलेलं असतं की तोंडाबरोबर दातही मिटायचे, असंच डोक्यात बसलेलं असतं.

सुटे दात कसे ठेवायचे, हे कळायला एक अक्षर पुरतं. ‘न’ म्हणायचं आणि आवाज थांबला तरी जीभ तिथेच ठेवायची. ‘न’च्या जागी जीभ असली की दात आपोआप सुटतात. व्यायामही त्यातलाच आहे: जीभ टाळूला ठेवून, ती सुटणार नाही इतपतच तोंड हळूहळू उघडायचं आणि मिटायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. चिलीतल्या रोकाबाडो नावाच्या फिजिओथेरपिस्टने ही सहा-सहाची शिस्त घालून दिली. माझे पहिले सहा दूध वर येईपर्यंत होतात.

९.३०

दवाखाना पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. मावशींनी शटर उघडून, फरशी पुसून ठेवली आहे. अकरा वर्षं त्या माझ्याकडे आहेत. खुर्चीशेजारी उभं राहून सक्शन धरण्यापासून पेशंटला दटावण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

फोन दोन. दोन्ही तिळाच्या लाडवाचे: एकीची कॅप निघाली, एकाच्या दाढेचा कोपरा उडाला. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं खरं, पण आमच्याकडे बोलायला येतात ते घेण्यातच घात झालेले. लॅबचं पार्सलही आलंय. आत प्लास्टरचे दोन साचे आणि नवी कोरी पट्टी.

१०.००

पट्टी एका शिक्षिकेची. दहावीचे वर्ग, सराव परीक्षांचे गठ्ठे. डिसेंबरात पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळी उठल्या उठल्या कानशिलं ठणकायची, आणि खालचे पुढचे दात कानशीने सपाट केल्यासारखे दिसत होते.

पट्टी बसवली, त्यांचा ‘स’ घसरला आणि त्या हसल्या. आता खरं काम. निळा कागद दातांमध्ये धरायचा आणि म्हणायचं, “टक टक करा.” त्याचं नाव आर्टिक्युलेटिंग पेपर, आमच्याकडे तो कार्बनच. पट्टी बाहेर काढून बघते: उजवीकडे शेवटच्या दाढेसमोर जाडजूड निळा डाग, डावीकडे कोरं. म्हणजे अख्खा जबडा एका दाढेवर टेकतोय. मायक्रोमोटरला बर लावून डाग उडवते, पट्टी पुन्हा बसवते, पुन्हा टक टक. तापलेल्या अ‍ॅक्रिलिकचा उग्र गोडसर वास, खिडकीतल्या उन्हात तरंगणारी पांढरी भुकटी. आठव्या खेपेला डावीकडे ठिपके दिसू लागतात. बाराव्या खेपेला खालच्या प्रत्येक दाढेला सारखाच, मोहरीएवढा ठिपका मिळतो. मग लाल कागद. “आता दात टेकलेले ठेवून जबडा उजवीकडे सरकवा. डावीकडे.” लाल रेघ फक्त सुळ्याच्या जागी उमटायला हवी; मागच्या दाढा सुटायला हव्यात.

“मॅडम, दात!”

मावशी मला म्हणतायत. बारीक काम सुरू झालं की माझा जबडा आवळतो, मास्कच्या वरूनही त्यांना कानशिलाजवळचा स्नायू उडताना दिसतो. मी ‘न’वर जाते.

चाळीस मिनिटांनी पट्टी पॉलिश होऊन त्यांच्या हातात. एवढा खटाटोप कशाला, गरम पाण्यात बुडवून दाबायची तयार पट्टी ऑनलाइन मिळते की, असं त्यांच्या मिस्टरांनी विचारलं होतं म्हणे. मिळते. पण ती मऊ असते, आणि काही जणांना मऊ काही दातांत आलं की चघळायलाच आल्यासारखं होतं. ते आणखी जोराने चावतात. शिवाय सगळीकडे सारखा टेका तिला कोण देणार?

“रात्री ही घाला आणि दिवसा लाल पेनाच्या टोपणाला टिकली लावा,” मी सांगते. “पेपर तपासताना बघा, किती वेळा सापडता.”

११.१५

निवृत्तीला आलेले बँकेतले एक काका. डावा कान सहा महिने दुखतोय. थेंब घालून झाले, गोळ्या झाल्या. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडदा नीट पाहून चिठ्ठी दिली: कान ठणठणीत, जबडा दाखवा. इकडून तिकडे टोलवल्याचा राग काकांच्या चेहऱ्यावर आहे.

ही टोलवाटोलवी जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कानाचेच एक डॉक्टर, जेम्स कॉस्टन, यांनी कानदुखी, कानातले आवाज आणि जबडा यांची सांगड घालणारा लेख लिहिला. मागचे दात पडल्यामुळे जबडा सरकतो आणि आसपासच्या नसांवर दाब येतो, हे त्यांचं कारण पुढे टिकलं नाही, सांगड टिकली. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, आणि त्या सांध्याला व कानाच्या पुढच्या भागाला एकाच नसेची फांदी जाते. तक्रार मेंदूपर्यंत पोहोचते, पत्ता चुकतो.

दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून मी म्हणते, “तोंड उघडा.” डावीकडे बोटाखाली कट् होतं. जबड्याच्या हाडाचं गोल टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि आवाज होतो. काकांचा चेहरा पडतो. मोजपट्टीने मोजते: ४४ मिलिमीटर उघडतंय. चाळीसच्या वर असलं की बरं. घरी मोजायचं तर स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत. दुखत नसेल आणि तोंड पुरतं उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. हे मी रोज एकदा तरी सांगते.

आता गाल. चावण्याच्या मोठ्या स्नायूवर बोट ठेवून एक किलोचा दाब द्यायचा आणि पाच सेकंद थांबायचं. एक किलो म्हणजे किती, हे मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून शिकले. डाळीच्या डब्याशेजारी उभी राहून, काटा हजारावर स्थिर होईपर्यंत.

“आई गं! हाच! हाच तो कान!”

माझं बोट गालावर आहे, कानापासून चांगलं दोन इंच खाली. मी त्यांचाच हात उचलून तिथे ठेवते. काका बराच वेळ स्वतःचा गाल चाचपत राहतात.

“दात खायची सवय आहे?”

“छे.”

छे म्हणणारच. आम्ही ‘दात खाणं’ म्हटलं की लोकांना रात्रीचा करकर आवाज आठवतो. दिवसा, आवाज न करता, तासन् तास दात नुसते दाबून धरणं कुणाच्या खिजगणतीत नसतं. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारते, “आत्ता दात लागलेत का?”

काका थांबतात. “हो की.”

गोळी चार दिवसांचीच. दोनदा दहा-पंधरा मिनिटं ओल्या गरम टॉवेलचा शेक, बोटांनी गालाची मालिश, दोन आठवडे मऊ खाणं; ऊस, चिक्की, पेरू, कणीस बंद. आणि मावशी टिकल्यांचं पाकीट पुढे करतात.

“मी? टिकली?”

“कपाळाला नाही हो काका, कॉम्प्युटरला,” मावशी म्हणतात.

१२.४५

सहा वर्षांचा नातू आणि आजी. “रातभर कर्रकर्र दात खातंय बघा पोरगं. जंत झाल्यात.” जंताचं औषध शाळेत मिळालेलं आहे, तरी आवाज चालूच. दुधाचे दात झिजलेत, पण त्यांना तसंही जायचंच आहे. बहुतेक मुलं हे मोठी होता होता सोडतात, आणि वाढत्या जबड्याला पट्टीत अडकवायचं नसतं. मी उलटं विचारते, घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का?

“घोरतंय तर! आज्याच्या वरताण!”

मग चिठ्ठी कानाच्या डॉक्टरांना. सकाळी त्यांच्याकडून एक आला, दुपारी माझ्याकडून एक गेला. फिटंफाट.

२.००

डबा. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून. मी दुपारी कडक काही खात नाही. अर्धा दिवस अजून बाकी असतो.

जेवताना कधी कधी एक बाई आठवतात. मी नव्याने दवाखाना टाकला होता, तेव्हाच्या. आम्हाला शिकवलं होतं की दात नीट जुळत नाहीत म्हणून जबडा दुखतो, जुळवा, थांबेल. मी तीन बैठकांत त्यांच्या चांगल्या दाढांचे उंचवटे घासून जुळवले. दुखणं राहिलंच, वर गार पाण्याने दात शिवशिवायला लागले. घासलेलं आवरण पुन्हा येत नाही. त्या तक्रार न करता दुसरीकडे गेल्या. आज मी जे परत फिरवता येतं तेच आधी करते: शेक, व्यायाम, सवय, पट्टी. दाढेला बर लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा लावावा लागत नाही.

व्याख्याही बदलली. २०१३ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी झोपेतलं दात खाणं आणि जागेपणीचं दात खाणं या दोन बाजू वेगळ्या केल्या. २०१८ साली ते आणखी पुढे गेले. एरवी निरोगी असलेल्या माणसाचं दात खाणं हा आजार मानू नका, म्हणाले. ती स्नायूंची एक वागणूक आहे, तिच्यातून कधी नुकसान होतं, कधी होत नाही. नुसता जबडा ताठ धरणं, दात न लावताही, त्यांनी यातच धरलं. मला ते वाचून हलकं वाटलं. आजार बरा करायचा असतो, वागणूक सांभाळता येते.

मावशींचा डबा संपलाय. “दिवसभर एकच सांगताय. तुमच्या दाताच्या कण्या झाल्या, पर लोक काय सोडत न्हाईत.” बोलतात आणि त्यांचं त्यांनाच हसू येतं.

४.००

जिन्यावर गलका. मेढ्याहून वडापने येणाऱ्या एका आजींना गाडीत जांभई आली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लाळ गळतेय, डोळ्यांत पाणी, बोलता येत नाही. सुनेला वाटतंय, लकवा आला. दोन्ही कानांपुढे बोट ठेवलं की जिथे हाड हवं तिथे खळगा लागतो. जबडा निखळलाय. सांध्याचं टोक पुढच्या उंचवट्यापलीकडे घसरलंय आणि घाबरून आवळलेले स्नायू त्याला मागे येऊ देत नाहीत.

खुर्ची नको. बुटक्या स्टुलावर बसवून डोकं भिंतीला टेकवते. अंगठ्यांना गॉज गुंडाळते, चांगला जाड. जबडा जागेवर जाताना दात फटकन मिटतात आणि मधे डॉक्टरचे अंगठे असतात. अंगठे खालच्या दाढांवर, बाकीची बोटं हनुवटीखाली. “आजी, माझ्याकडं बघा. श्वास सोडा.” खेचाखेची करायची नसते. खाली, खाली, सावकाश, स्नायू थकेपर्यंत खाली. आणि मग मागे. हिपोक्रेटिसच्या काळापासून ही रीत जवळपास अशीच आहे. मिनिटभर काहीच होत नाही. मग हाताखाली काहीतरी सैल पडतं, आणि खट्.

आजी तोंड मिटतात. पहिला शब्द, “पानी.”

“आजी, हनु म्हणजे जबडा. मारुतीचा इंद्राच्या वज्रानं मोडला होता, तुमचा जांभईनं.”

त्या हसायला तोंड उघडतात, आणि मी घाईने हनुवटीला हात लावते. “तीन आठवडे मोठं तोंड उघडायचं नाही. जांभई आली की चुटकी वाजवू नका. मूठ हनुवटीखाली धरा.” मावशी डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधतात.

५.३०

सव्वीस वर्षांचा मुलगा. तोंड उघडत नाही. “जबड्याचा व्यायाम सांगा मॅडम.” २२ मिलिमीटर. पण सांध्यात आवाज नाही, गाल दाबला तर दुखत नाही. तिखट झोंबतं का? झोंबतं. गालात आतून बोट फिरवलं तर दोऱ्या ताणल्यासारखे कडक पट्टे लागतात, आणि आतली कातडी पांढुरकी.

“मावा किती?”

तो खाली बघतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना हातावर घोळून द्यायला पाकीट लागत नाही. हे जबड्याच्या सांध्याचं दुखणं नाही. सुपारीने गाल आतून कडक होत जातो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. इथे मी मवाळ बोलत नाही. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी, सोबत घरचं कुणीतरी, आणि सुपारी आजपासून बंद. त्याला टिकली देत नाही.

७.००

पुण्यात आयटीत असलेली मुलगी, सुट्टीला घरी आलीय. रीलमध्ये पाहिलंय, जबड्यात बोटॉक्स घेतलं की दात खाणंही जातं आणि चेहराही निमुळता होतो. बोटॉक्सने स्नायू तीन-चार महिने दुबळा होतो. सवय तशीच राहते. बाकी काही लागू पडेना, तेव्हाचा तो विचार.

“औषधं कुठली चालू आहेत?”

ती जरा थांबून सांगते. नैराश्यासाठी गोळी, चार महिने. दातांचं तेव्हापासूनच. अशा काही गोळ्यांनी जबडा आवळला जातो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. “गोळी मनाने बंद करायची नाही हं. तुझ्या डॉक्टरांना हे सांग, ते डोस किंवा वेळ बदलतील, नाहीतर दुसरी देतील.” दिवसातून सहा कॉफ्यांचं मात्र आम्ही दोघी मिळून दोनवर आणतो.

८.३०

दवाखाना बंद. मावशी शटर ओढतात. अर्ध्यावर अडकलंय, त्या आकड्याला लोंबकळून जोर लावतात आणि नाक्यावरच्या दिव्यात त्यांच्या गालावरचा स्नायू सुपारीएवढा टरारलेला मला दिसतो.

“मावशी, दात!”

शटर खाली येतं. मावशी कमरेवर हात ठेवून हसतात. “शटर जड हाय की वो. न दाबता कसं यायचं?”

खरंच आहे. ओझं उचलताना जबडा आवळला जातोच. हमालाचा जातो, बाळंतिणीचा जातो. त्यात काही बिघडत नाही. शटर खाली आलं तसा मावशींचा गाल सैल झाला, मी बघितला. पेपर तपासणाऱ्या बाईंचा होत नाही, बँकेतल्या काकांचा होत नाही, माझा होत नाही. ओझं खाली ठेवलं, हा निरोप आमच्या जबड्याला कुणीतरी टिकली लावून द्यावा लागतो.

१०.१५

घरी. टॉवेल गरम पाण्यात पिळून दहा मिनिटं गालांवर. आजचे शेवटचे सहा ‘न’. मोबाइल पालथा ठेवते आणि त्याच्या पाठीवरची टिकली वर येते. दात सुटेच आहेत.

पट्टी डबीतून काढून बसवते. ती चट्कन बसते. दिवा मालवल्यावर आता टिकली दिसणार नाही, आणि मावशीही शेजारी नाहीत. पुढचे सात तास माझ्या हातात नाहीत. सकाळी उठल्यावर अहोंना विचारायचं, रात्री जातं चाललं होतं का.